पिंपातले ठोके

यातलं एक अक्षरही पदरचं नाही. सप्टेंबर २००३, शुक्रवार, दुपारचे तीन. जागा कुवेतमधलं मंगफ, लक्ष्मीकांतचा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट.

लक्ष्मीकांत रिफायनरीत सेफ्टीला होता. त्याचा जिवलग शरद दोन वर्षांपूर्वी तिथली नोकरी सोडून मेक्सिकोला गेला होता. एका छोट्याशा वाइनरीत.

लक्ष्मीकांतच्या पोटात दुखायचं ते इथेच.

द्राक्षबाग नाशिकला लक्ष्मीकांतच्या घरची. शरदला छाटणी शिकवली त्याने. आणि वाइन करतोय कोण? शरद!

गुरुवारी शरदची ईमेल आली. "वर्षाला फक्त चार हजार बाटल्या. एकेक घड हाताने निवडतो. या वर्षी लेबलवर माझी सही. उद्या सकाळी टाकीत उतरून गाळ काढायचाय. आत गॅस साठतो म्हणतात. तू सेफ्टीतला, कळव लगेच."

लक्ष्मीकांतने उत्तर टाइप केलं. 'गॅस तपासल्याशिवाय उतरू नकोस. बाहेर माणूस ठेव.'

पाठवलं मात्र नाही.

बसू दे वाट बघत, त्याला वाटलं. एवढा मोठा झालाय ना, एक दिवस माझ्यावाचून अडू दे.

शुक्रवारी जेवण झालं. राजश्री, त्याची बायको, आत आडवी झाली. तो पेपर वाचत होता.

अचानक एसीचा आवाज थांबला...

दिवे चालू होते. पंखाही.

मग स्वयंपाकघरातून... ठक. ठक. ठक.

तो उठला. ओट्याखाली तांदळाचं स्टीलचं पिंप होतं. राजश्रीने कालच घासून रिकामं ठेवलेलं.

ठक. ठक. ठक.

आतून.

ते ठोके त्याच्या ओळखीचे होते. रिफायनरीत टाकीत उतरलेला माणूस पत्र्यावर ठोके देतो. दोन म्हणजे ठीक आहे. तीन म्हणजे बाहेर काढा. शरद आत असायचा, तेव्हा बाहेर कायम लक्ष्मीकांत.

त्याने झाकण ओढलं.

पिंप रिकामं होतं. फक्त वास आला... आंबलेल्या द्राक्षांचा.

राजश्री दारात येऊन उभी. "अहो, काय शिजवताय? कसला वास हा?"

म्हणजे भास नव्हता.

तो धावत कॉम्प्युटरकडे गेला. उत्तर पाठवलं.

शनिवारी नाशिकहून शरदच्या बायकोचा, सुहासिनीचा फोन आला. शरद टाकीतच गुदमरून गेला. तिथल्या सकाळी सातला. म्हणजे इथले तीन.

"भावजी, ते तुमच्या उत्तरासाठी थांबले होते," ती रडत म्हणाली. "तुम्हाला मेल मिळाली नव्हती का?"

"नाही," लक्ष्मीकांत म्हणाला.

महिन्याभराने तिने पेपरातलं कात्रण पाठवलं. शरदचा फोटो, खाली छापलेलं, 'मेक्सिकोतील नामवंत वाइनमेकर'.

ते वाचताना लक्ष्मीकांतच्या पोटात आधी उठली ती तीच जुनी जळजळ. रडू त्यानंतर आलं.

हे त्याने अजून राजश्रीलाही सांगितलेलं नाही. शरदला मात्र ते कळलंय, असं त्याला सारखं वाटत राहतं.