हीटर चालू ठेवा

एका रोपवाटिकेच्या दारात गाडीने मान टाकली ती टाकलीच. बॉनेटमधून वाफेचे लोट... आणि दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या डोळ्यांत पाणी.

का नाही येणार? ऑपरेशनला आत जाताना बाबा म्हणाले होते, "परत आलो, तर घरी माझ्याच गाडीतून जाईन." ते सुखरूप परत आले होते, देवाची कृपा. आज त्यांना घरी सोडणार होते. आणि त्यांची ही लाडकी, लेकीपेक्षा वयाने मोठी, लाल स्पोर्ट्‌स कार नेमकी आजच रुसली होती.

तिने रेडिएटरच्या झाकणाकडे हात नेला.

"अहो, थांबा. उकळतं पाणी अंगावर उडेल."

रोपवाटिकेचा मालक होता. हातात झारी, कोपरापर्यंत माती, आणि डोळे — छे, डोळे बघायची ही वेळ होती का? तिने बघितलेच.

"मी दातांची डॉक्टर आहे हो. इंजिनातलं मला काय कळतंय?"

"मग तोंड कधी उघडायला लावायचं, ते तरी कळायला हवं."

तिला हसू आलं. मेलं, अशा वेळी!

तो गाडीच्या पुढे गेला आणि थबकला. समोरच्या जाळीवर कापडी फलक घट्ट ताणून बांधलेला: 'बाबा, या घरी'.

"हा कुणी बांधला?"

"मी. का... छान नाहीये?"

"फार छान आहे. पण बिचारीचं नाकच दाबलंत की. याच जाळीतून वारा आत जातो, म्हणून इंजिन गार राहतं."

ती गाडीइतकी लाल झाली. त्याने फलक सोडून मागे बांधला, गाडी निवल्यावर झारीने पाणी भरलं.

"वाटेत परत तापली तर?"

"मी येतो ना... झारी घेऊन."

सिग्नलला थांबल्यावर तापमानाचा काटा पुन्हा चढला.

"हीटर लावा. पूर्ण."

"या उन्हात?"

"इंजिनाचा ताप थोडा आपण वाटून घेऊ."

दोघं घामाने निथळली, पण काटा उतरला. तो एका शब्दाने कुरकुरला नाही. तिला वाटलं, रस्ता अजून थोडा लांब असता तर...

हॉस्पिटलच्या दारात बाबा खुर्चीत बसले होते. "आणलीस गं," एवढंच म्हणाले आणि रडले.

गाडीत जागा दोनच. त्याने आपली सीट रुमालाने पुसली, बाबांना हात धरून बसवलं, "हीटर चालू ठेवा," म्हणाला आणि बाजूला झाला. आभार मानायचंही तिला सुचलं नाही.

घरी पोचल्यावर तिने बाबांना सगळं सांगितलं.

"त्यानं मला जागा दिली, आणि तू त्याला उन्हात टाकून आलीस? जा, घेऊन ये."

ती गाडी घेऊन परत गेली, तर तो हॉस्पिटलसमोरच्या बाकावरच बसलेला होता.

"बस मिळाली नाही?"

"आल्या की. मी... चढलो नाही. वाटलं, आभार मानायला तरी याल."

"खूप मानायचेत," तिने आतून दार उघडलं. "जन्म जाईल त्यात. बसा."