स्क्रूवरचं जाळं

“डिस्क मेली आहे. भंगारात काढा!” आठवडाभराने कॉम्प्युटर परत आणून दुरुस्तीवाला म्हणाला. काकांनी मान डोलावली. झालं! पाच वाजता तो स्वतःच येऊन कॉम्प्युटर भंगारात घेऊन जाणार होता.

त्या डिस्कवर मुंगीच्या बाबांचा आवाज होता. रात्रपाळीला निघण्याआधी ते तिच्यासाठी गोष्ट बोलून ठेवायचे. बाबा जाऊन चार महिने झाले होते. सुट्टी लागली तरी घर गप्पच होतं.

“हे बघ!” मामेभाऊ तुरा कॉम्प्युटरच्या डब्यामागे वाकला. “स्क्रूवर कोळ्याचं जाळं तसंच आहे! त्याने डबा उघडलाच नाही!”

“थापाड्या दुरुस्तीवाला!” शेजारचा भोपू नावाला जागून ओरडला.

काकांना सांगायला गेले, तर “खेळा जा!” एकदा मान डोलावली, की मोठी माणसं डोकं वापरत नाहीत.

ग्रंथपालबाईंनी तुऱ्याला लिनक्सचा पेनड्राइव्ह दिला होता; त्यावरून आतल्या डिस्कशिवायही कॉम्प्युटर सुरू व्हायचा. तो लावून सुरू केलं आणि पडदा उजळला! पण ओळखीचं काहीच दिसेना. मुंगीने ‘होम’ उघडलं. रिकामं!

“अगं, हे पेनड्राइव्हचं घर,” तुरा म्हणाला. “बाबांची डिस्क डावीकडच्या यादीत बघ.”

होती! आत एकेचाळीस गोष्टी!

“हे ‘इन्स्टॉल’ दाबू?” भोपूने विचारलं.

“हात काढ! सगळं पुसलं जाईल!” तुरा ओरडला.

मग भोपूने गोष्टी डेस्कटॉपवर आणल्या. आईला चकित करायचं, म्हणून मशीन बंद करून ते तिला बोलवायला धावले.

आई आली. पुन्हा सुरू केलं. डेस्कटॉप कोरा!

“पुरे झालं आता,” आई हळूच म्हणाली.

तुरा पांढराफटक पडला. “पेनड्राइव्हवरून चालवलं, की डेस्कटॉपवरचं बंद करताच जातं. भोप्या, कॉपी केलंस की कट?”

“पहिली... कट. मग तू कॉपी शिकवलंस ना!” भोपूचा आवाज प्रथमच बारीक झाला.

दारात दुरुस्तीवाला आणि काका उभे होते. “चला, उचलतो!”

“थांबा!” मुंगी आडवी आली. तिने बाबांची डिस्क उघडून पहिलीच फाइल दाबली.

“झोपलीस का गं मुंगे?” बाबांनी विचारलं. आई पडद्यासमोर येऊन बसली.

“अरे, चालतंय की!” दुरुस्तीवाला पुटपुटला.

“मागे स्क्रूवर जाळं आहे. निदान ते तरी पुसायचं होतंत!” तुरा म्हणाला. दुरुस्तीवाला रिकाम्या हातांनी जिना उतरला.

मुंगीने फाइली मोजल्या. चाळीस. नवी गोष्ट यादीत सगळ्यात वर असायची, म्हणून गेली ती बाबांची सगळ्यात शेवटची होती. न ऐकलेली. पुरवून ऐकायची, म्हणून तिने ती राखून ठेवली होती. भोपू रडत होता. तिने त्याला आपल्या शेजारी बसवून घेतलं.

“शाबास! हुशार आहात रे पोरांनो!” काका म्हणाले.

“हुशार नाही, काका,” मुंगी म्हणाली. “आम्ही फक्त उघडून बघितलं.”

काकांनी मान खाली घातली. आईने हात पुढे करून पुढची गोष्ट लावली.