चार नंबरच्या पोर्टवर कोण आहे?

ही गोष्ट खरी आहे. ज्यांना पटणार नाही त्यांनी खुशाल पुढे जावं. मला कोणाची मनधरणी करायची नाही.

माझ्या आत्यासोबत घडलंय हे. आणि आत्या घाबरट असती तर एक वेळ सोडून दिलं असतं. आमच्या घरात सगळे तिलाच टरकून असतात.

रविवार होता. दुपारचे दोन. एका हॉस्पिटलच्या तळघरातली सर्व्हरची खोली. खिडकी नाही. एसीची घरघर, आणि एक फिरती खुर्ची, जिचा उजवा हात झिजून गुळगुळीत झालेला.

ती खुर्ची मास्तरांची.

अठरा वर्षं मास्तरांनी ती खोली सांभाळली. आत्याला कामही त्यांनीच शिकवलं. नेटवर्कच्या प्रत्येक कार्डाला एक जन्मखूण असते, कारखान्यातूनच आलेली. तिची शेवटची चार अक्षरं मास्तर चिकटपट्टीवर लिहून मशीनला लावायचे. त्यांच्या स्वतःच्या मशीनवर होतं, ५सी०९.

दोन वर्षांपूर्वी त्याच खुर्चीत, त्याच मशीनसमोर मास्तर गेले.

मशीन भंगारात गेलं. खुर्ची आत्याला मिळाली, पण मान काही मिळाला नाही. जरा कुठे बिघडलं की साहेबांचं पालुपद ठरलेलं, "मास्तर असते तर असं झालं नसतं."

आदल्या रविवारी तर कहर झाला. लॅबचं सगळं काम नव्या लिनक्स सर्व्हरवर हलवायचं होतं. त्या एका सर्व्हरच्या पोटात तीन आभासी मशीनं चालणार, आणि त्यांना बाहेरच्या वायरीशी जोडायला आत एक ब्रिज उभा करायचा. आत्याने ते घरून, लॅपटॉपवरून करायला घेतलं. सर्व्हरचं कार्ड ब्रिजमध्ये टाकलं, पण सर्व्हरचा नंबर, म्हणजे नेटवर्कवरचा त्याचा पत्ता, कार्डावरच राहिला. तो ब्रिजवर हलवायच्या आत तिचंच कनेक्शन तुटलं. लॅब चाळीस मिनिटं ठप्प!

साहेबांनी सगळ्यांसमोर तिला फैलावर घेतलं. "पुढच्या रविवारी सहापर्यंत झालं नाही, तर सोमवारी खुर्ची खाली करा. बाहेरची कंपनी बघून घेईल."

म्हणून या वेळी ती सर्व्हरसमोरच ठाण मांडून बसली होती.

ब्रिज उभा केला. सर्व्हरच्या मागचे चारही पोर्ट, म्हणजे वायर खोचायच्या खाचा, त्यात घेतले. नंबर ब्रिजवर हलवला. पहिल्या पोर्टला लॅबची वायर. बाकी तीन रिकामे.

लॅबच्या मशीनला हाक दिली.

उत्तर नाही.

ब्रिजचे पोर्ट उघडायला अर्धं मिनिट जातं. ती थांबली. पुन्हा हाक दिली.

नाही.

वायर बदलून पाहिली. फायरवॉल तपासली. दोन तास सगळं उलटंपालटं केलं. चूक सापडेना.

शेवटी तिने ब्रिजची यादी काढली. कोणत्या पोर्टवर कोणाचा आवाज आला, हे ब्रिज टिपून ठेवतो. पहिल्या पोर्टवर लॅबची बारा मशीनं. बरोबर.

आणि चौथ्यावर... एक.

चौथ्यात वायरच नव्हती.

शेवटची चार अक्षरं... ५सी०९.

"कोणाला सुचतात असले आचरट विनोद!" आत्या स्वतःशीच फणकारली. उठून सर्व्हरच्या मागे गेली. बोटाने पोर्ट चाचपला. आत नुसती धूळ.

पण शेजारचा हिरवा दिवा... लुकलुकत होता.

पाच मिनिटं आवाज आला नाही की ब्रिज यादीतून नाव गाळतो. तिने घड्याळ लावलं. पाच मिनिटं झाली. सहा झाली. नाव तिथेच. तिने ते खोडलं.

परत आलं.

मग तिने वायरीवरची बोलणी पडद्यावर आणली. चौथ्या पोर्टवरून दर सेकंदाला एकच ओळ येत होती...

हा नंबर माझा आहे.

हा नंबर माझा आहे.

आत्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. नव्या सर्व्हरला दिलेला नंबर मास्तरांच्या मशीनचा होता. रिकामा पडलाय म्हणून तिनेच सुचवलेला. एकाच नंबरवर दोघांचा हक्क, म्हणून लॅबची उत्तरं चौथ्या पोर्टकडे निघाली होती. तिथून कुठे, देव जाणे.

नंबर बदलता आला असता. पण लॅबच्या बाराही मशीनांत सर्व्हरचा नंबर म्हणून तोच भरलेला. वाजले होते साडेपाच.

तेवढ्यात एसी बंद पडला. सगळं चिडीचूप झालं.

आणि त्या शांततेत... खुर्ची करकरली.

आत्या उभी होती. खोलीत दुसरं कोणी नव्हतं.

मी असतो तर चपला टाकून जिना गाठला असता. आत्या कमरेवर हात ठेवून खुर्चीकडे वळली.

"मास्तर, शिकवलंत त्याचे उपकार मानते. पण दोन वर्षं उठता-बसता तुमचंच नाव ऐकतेय. आता पुरे! नंबर माझा. खुर्ची माझी. राहायचं तर गुपचूप राहा. कामात लुडबुड केलीत तर गाठ माझ्याशी आहे."

आवाज कापत होता, हे तिने नंतर कबूल केलं. भीतीने नव्हे म्हणे, रागाने.

मग ती सरळ जाऊन खुर्चीत बसली.

बैठक... गरम होती.

ती उठली नाही.

पडद्यावरची ओळ थांबली. लॅबचं एक मशीन बोललं. मग दुसरं. मग बाराही. सहाला दहा मिनिटं कमी होती.

सहाला साहेब आले. सगळं चालू पाहून नाक मुरडलंच. "मास्तर असते तर दोन तासांत उरकलं असतं."

"आहेत ना," आत्या म्हणाली. "चार नंबरला आहेत. विचारून घ्या."

साहेबांनी वाकून ती चार अक्षरं वाचली. ते मशीन भंगारात काढल्याच्या कागदावर सही त्यांचीच होती. त्यांनी रिकामा पोर्ट पाहिला, हिरवा दिवा पाहिला, आणि तसेच जिना चढून गेले. ते पालुपद पुन्हा कधी ऐकू आलं नाही.

आत्याने ते नाव खोडलं नाही. "गप्प आहेत तोवर राहू देत," म्हणाली.

इथे संपलं असतं तर मी लिहिलंच नसतं.

मागच्या महिन्यापासून चौथ्या पोर्टवर दोन नावं दिसतात. दुसरं आत्याच्या जुन्या लॅपटॉपचं. तो मेलेला लॅपटॉप आमच्या कपाटात पडलाय. मास्तरांसारखी चिकटपट्टी तिनेही लावली होती त्याला. मी दोनदा ताडून पाहिली. अक्षरं तीच आहेत.

"आत्या, सोड ती नोकरी," मी हात जोडले.

"का म्हणून? मी अजून खुर्चीतून उठलेली नाही." आणि सोमवारी पर्स उचलून गेलीसुद्धा.

परवापासून त्या कपाटातून बारीक पंख्याची घरघर येतेय...

आत्याला मी अजून सांगितलेलं नाही.