सात देशांची ट्यूब

होबार्टच्या धक्क्यावर त्या रविवारी वारा नुसता पिसाळला होता. तॅम्सिनच्या हातातली ट्रकची ट्यूब निसटली, गरगरत गेली, आणि— पाण्यात!

"अहो... धरा ना ती!"

बोटीवरच्या खलाशाने लांब आकडीने ट्यूब ओढून घेतली. निथळणाऱ्या रबरावर सात रंग वळसे घेत एकमेकांत शिरले होते.

"हा कुठला नकाशा, बाई?"

"कुठलाच नाही. सात देश आहेत, आणि प्रत्येकाची हद्द बाकीच्या सगळ्यांना भिडते. सपाट कागदावर चारांच्या पुढे हे जमतच नाही. मी गणित शिकवते... उद्या वर्गात दाखवायचंय."

त्याने ट्यूब फिरवून फिरवून एकेक हद्द ओल्या बोटाने तपासली. "खरंच की! इथे शेजाऱ्यांचा तोटा नाही कुणाला."

तॅम्सिन हसली. पण ते वाक्य घरापर्यंत तिच्यासोबत आलं. पर्थहून येऊन तिला वर्षं झाली होती, आणि तिच्या दाराची बेल फक्त पार्सलवाला वाजवायचा.

पुढच्या रविवारी ती पुन्हा धक्क्यावर गेली. उगाच.

"आज काय बुडवायचंय?" त्या खलाशाने विचारलं. इनोके त्याचं नाव, टोंगा बेटांवरचा.

तिने एक पीळ देऊन चिकटवलेली कागदी पट्टी पुढे केली. "पेन न उचलता रेघ ओढ."

रेघ दोन्ही बाजूंनी फिरून सुरुवातीलाच येऊन मिळाली. "चेटकीण आहेस तू!"

मग असे बरेच रविवार गेले. बाकावर खिम्याचे पॅटिस खाताना खांद्याला खांदा लागायचा... कुणीच सरकायचं नाही.

एकदा तो खाली बघत म्हणाला, "गुरुवारी आमचं जहाज निघतंय. दक्षिणेला, बर्फात. वर्षभर."

"अच्छा... गरम कपडे घे."

"एवढंच?"

"...मोजेही घे."

गुरुवारी फळ्यावरचं गणित अर्धवट टाकून ती धावत सुटली. जहाज सुटलं होतं. कठड्याशी इनोके उभा होता.

"इनोके! मला तू आवडतोस! फार!"

"काय? वाऱ्यात ऐकू येत नाही!"

ती पुन्हा ओरडली, जिवाच्या आकांताने. अख्खा धक्का वळून बघायला लागला.

"पहिल्या वेळीच ऐकू आलं होतं!" तो हसत होता, आणि बाहीने डोळेही पुसत होता. "मलाही तूच!"

संध्याकाळी तिने नेहमीसारखं एकटीपुरतं सूप गरम केलं. आजवर ती नुसती एकटी असायची. आज तिला इनोकेवाचून करमत नव्हतं. सूप निवून गेलं, तरी ती खिडकीतून दक्षिणेकडे बघत राहिली.