अकरा धूर, एक वणवा

"आग! आग लागलीय... पळा!" असं ओरडत बन्सीनं खांद्यावरची पाण्याची बाटली उघडली आणि धुरावर रिकामी केली.

समोरची मुलगी काही पळाली नाही. कमरेवर हात ठेवून बघत राहिली.

"झालं तुमचं, साहेब? आता तेवढ्या कोपऱ्यात भात उगवायचा नाय."

ब्याण्णव सालच्या एप्रिलमधली दुपार. बन्सी मूळचा नगरकडचा, पालघरच्या एका कचेरीत नुकताच चिकटलेला. उपग्रहानं टिपलेल्या चित्रांवर धुराचे पट्टे शोधायचे, वाऱ्याचा माग काढत मागं मागं जायचं आणि वणव्याची जागा नकाशावर मांडायची, हे त्याचं काम. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ना, तसंच. फक्त याचा उंट आठशे किलोमीटर उंच होता! आठवड्यात अकरा वणवे शोधले म्हणून साहेबांनी पाठ थोपटली होती, पुण्याच्या बदलीचंही बोलणं काढलं होतं. अहवालावर सही तेवढी राहिली होती. त्याआधी एखादी जागा डोळ्यांनी बघावी म्हणून स्वारी उमरोळीला गाडीतून उतरून डोंगरातल्या पाड्यावर आली होती.

"म्हणजे... हा वणवा नाही?"

"राब हाय हा. शेण, पाला, काटक्या नि वर माती. भाजलेल्या जमिनीतच भाताचं रोप धरतं, मग पावसात त्याची आवणी, म्हणजे लावणी." ती हसली. "वाऱ्याच्या उलट्या अंगानं पेटवतो आमी. मग सावकाश जळतं. उगाच धावत नाय... तुमच्यावानी!"

तिचं नाव सोमी. पालघरच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती. हसताना गालावरची राखसुद्धा तिला शोभत होती. बन्सी बघतच राहिला — आणि एकदम त्याला राहिलेली सही आठवली. अहवाल गेला की जंगलखात्याची माणसं येणार, राब बंद करणार. राब नाही तर रोप नाही, आणि रोप नाही तर या पाड्यांवर वर्षभर भात नाही.

त्यानं ते सगळं, उपग्रहाच्या चित्रांपासून, तिला सांगून टाकलं. सोमीचं हसू मावळलं.

"दाखवा ती चित्रं."

दोघं आंब्याखाली बसली. बन्सीनं पिशवीतली लागोपाठच्या दोन दिवसांची चित्रं शेजारी शेजारी मांडली. समुद्राकडून वारा आला, कागद फडफडायला लागले. एका कडेवर तिनं तळहात ठेवला, दुसऱ्या कडेवर त्यानं... बोटांना बोटं लागली. कुणीच उचलली नाहीत.

"ह्या दहाही जागा पाड्यांजवळच्या. राबच ते. पण हा अकरावा —" तिचा आवाज बदलला. "राब आपल्या जागेवर जळतो. हा पयल्या दिवशी खाली होता, दुसऱ्या दिवशी डोंगर चढलाय. हा खरा वणवा, साहेब!"

सोमीनं हाक दिली, तसा तिचा बाप, जिवल्या, पाड्यावरची माणसं घेऊन निघाला. ओल्या फांद्यांनी झोडपून संध्याकाळपर्यंत त्यांनी आग विझवली. बन्सीही झोडपत होता. त्याच्या भुवया जळाल्या, पण तो मागं हटला नाही.

सकाळी कचेरीत जाऊन त्यानं दहा खुणा खोडल्या आणि खाली लिहिलं, 'चूक माझी.' साहेब भडकले. पुण्याची बदली गेलीच, वर शिक्षा मिळाली: दोन वर्षं इथंच राहून, पाड्यापाड्यावर पायी फिरून राबांची नोंद करायची.

बन्सी तडक सोमीकडं आला. तोंडभर हसत त्यानं शिक्षा सांगितली.

"शिक्षा झाली नि हसता काय?"

"सोमी, तू नसतीस तर मी एका सहीनं एवढ्या घरांच्या तोंडचा घास काढला असता. तुझे उपकार कसे—"

"उपकार कसले? पोट आमचंच व्हतं. नि खरं सांगून तुमचं नुकसान झालं."

"कसलं नुकसान गं? मला इथंच राहायचं होतं... तुझ्याजवळ." तो एक पाऊल पुढं आला. "आवडतेस तू मला. तुझ्या मनात नसेल तर—"

सोमी वळली आणि खालच्या शेताकडं हाक मारून म्हणाली,

"बा! यंदा भाताच्या आवणीला आपल्याकडं एक माणूस वाढला!"