ढिली खाच

"साहेब, माझं धनुष्य आपोआप मोडलेलं न्हाई," खुर्चीत बसायच्या आधीच नागनाथ म्हणाला.

परभणीत खासगी तपासाची कामं घेणाऱ्या धम्मपाल खंदारेंनी त्याला आधी पाणी दिलं. नागनाथ राणीसावरगावचा. बांबूची धनुष्यं आणि बाण बनवून आसपासच्या शाळांना द्यायचा. रविवारी जिल्हा निवड चाचणीत गावच्या रेणुकाच्या हातात त्याचं धनुष्य मोडलं आणि एक चिरफळी तिच्या गालात घुसली. डोळा थोडक्यात वाचला. चाचणी आठवडाभर पुढे गेली. नागनाथच्या धनुष्यांना मात्र मैदानावर बंदी झाली.

"बांबू किडका असेल," धम्मपालांचा सोबती बन्सीधर म्हणाला.

"किडका बांबू मी चुलीत घालतो," नागनाथ म्हणाला.

दुपारी तिघं गावच्या मैदानावर पोचले. नागनाथनं एका चांगल्या बाणाची मागची खाच दोरीवर बसवली आणि धनुष्य आडवं धरलं. बाण दोरीला लटकत राहिला.

"असा लटकला पाहिजे. आन् टिचकी मारली की सुटला पाहिजे." त्यानं दोरीला टिचकी मारली, बाण खाली पडला. "लय घट्ट असला तर दोरीला धरून बसतो. ढिला असला तर ऐन ताणात निसटतो. मग दोरी रिकामी सुटती, सगळा जोर धनुष्यावर येतो आन् ते मोडतं."

धम्मपालांनी मोडलेल्या धनुष्याची दोरी बन्सीधरला ताणून धरायला लावली. रेणुकाची जोडीदारीण शिवकन्या तिथंच सराव करत होती. तिचा बाण त्या दोरीवर नीट लटकला. चाचणीनंतर नागनाथनं जपून ठेवलेल्या रेणुकाच्या भात्यातला एकही थांबला नाही. लाल दोरा गुंडाळलेला एक चिरलेला बाणही लगेच पडला.

"हा कशाला ठेवलाय?" धम्मपालांनी विचारलं.

"तिचा पहिला बाण हाय. मारत न्हाई, नुसता जवळ ठेवती," शिवकन्या म्हणाली. "मैदानावर सगळ्यांना ठाऊक हाय."

धम्मपालांनी भिंगातून खाचा पाहिल्या. आत बारीक तिरप्या रेषा होत्या.

"मी करवतीनं खाच पाडतो आन् काचेनं घासतो," नागनाथ म्हणाला. "रेषा राहतच न्हाईत."

"सामान कुठं असतं?" धम्मपालांनी शिवकन्याला विचारलं.

"धनुष्यं इथं कुलपात. बाण ज्याचे त्याच्या घरी." मग तिनं स्वतःच सांगितलं, "जागा एकच हाय. ती न्हाई उतरली तर माझाच नंबर लागतो."

रेणुकाच्या अंगणात तिची आई सरजाबाई कानशीनं कोयत्याला धार लावत होती. दिवाळीनंतर ऊसतोडीची टोळी निघणार होती. गालाला पट्टी बांधलेली रेणुका बाजेवर बसली होती, शेजारी तिची धाकटी बहीण वही घेऊन.

"बाण जरा ढिला वाटला," ती म्हणाली, "पण शिट्टी झाली होती."

"खेळाचं घरी बोलतेस?" धम्मपालांनी विचारलं.

"मायला सगळं सांगते. नेम कशानं चुकतो, ते पण."

"निवड झाली तर?"

"पुण्याला राहायचं, सरावाला."

धम्मपाल सरजाबाईंकडे वळले. "तुम्ही दोघं तोडीला गेल्यावर धाकटी कुठं असते?"

"ज्ञानेश्वरी रेणुकाजवळच राहती. शाळा करती."

बाहेर आल्यावर बन्सीधर म्हणाला, "शिवकन्याच. फायदा तिचाच आहे."

"तिला बोलावून आण," धम्मपाल म्हणाले.

थोड्या वेळानं सगळे अंगणात बसले.

"दोरी चांगली आहे, खाचा रुंद केल्यात," धम्मपालांनी सुरुवात केली. "म्हणजे हात बाणांना लागला. शिवकन्यानं किंवा नागनाथनं केलं असतं, तर चिरलेल्या बाणाला हात लावला नसता. तो रेणुका मारत नाही हे दोघांना माहीत आहे. शिवाय धनुष्य मोडू शकतं हेही ते जाणतात. ज्यानं केलं त्याला फक्त नेम चुकवायचा होता. बाण घरी असतात, खाचेत कानशीच्या रेषा आहेत. आणि रेणुका पुण्याला गेली असती, तर धाकटीला शाळा सोडून उसाच्या फडावर जावं लागलं असतं."

सरजाबाईंनी कोयता बाजूला ठेवला.

"नेम चुकंल एवढंच वाटलं," त्या म्हणाल्या. "मोडतंय हे ठाऊक नव्हतं."

रेणुका म्हणाली, "माय, मला सांगायचं तरी होतंस."

"मला पोलीस-बिलीस काय नको," नागनाथ म्हणाला. "मैदानावर चारचौघांत सांगा. पोरं माझं धनुष्य हातात घ्यायला भ्यायलीत."

सरजाबाईंनी होकारार्थी मान हलवली.

तेव्हा शिवकन्या रेणुकाला म्हणाली, "तू गेलीस तर मी इथंच हाय, ज्ञानेश्वरी आमच्या घरी राहील. मी गेले तर तू हायसच."

नागनाथनं भाता उचलला. जुन्या खाचा कापून नव्या पाडायच्या होत्या. बाण बोटभर तोकडे होणार होते.

पुढच्या रविवारी चाचणीआधी सरजाबाईंनी मैदानावर उभं राहून सगळं सांगितलं. धनुष्यांवरची बंदी उठली. गालावर पट्टी असतानाच रेणुकानं बाण मारले आणि निवड तिचीच झाली. दिवाळीनंतर टोळीचा ट्रक निघाला, तेव्हा ज्ञानेश्वरी शिवकन्याबरोबर शाळेच्या वाटेला लागली होती.