मुळं वर केलेलं तण

सिद्धलिंग बागेत आला तो फक्त फवारणी लागली का, ते बघायला. दुधनीजवळची ही द्राक्षबाग आजोबांनी लावलेली. वडिलांनी, म्हणजे शिवप्पांनी, ती चाळीस वर्षं शेणखत आणि जीवामृतावर सांभाळली. तण ते हातानंच उपटत आणि मुळं वर करून वेलीच्या बुडाशी निजवून ठेवत. गेले तेव्हा लिंगायत रीतीप्रमाणे त्यांना बागेच्याच कोपऱ्यात बसवून समाधी दिली. जाण्याआधी त्यांनी एकच मागितलं होतं, "बागेत तणनाशक नको." सिद्धलिंग म्हणाला, "व्हय, अप्पा." मरणाऱ्याला हो म्हणायला काय जातं? खुरपायला बायका मिळेनात, तेव्हा तिसऱ्याच महिन्यात त्यानं पंप पाठीवर घेतला.

फवारून आता चार दिवस झाले होते. भर दुपार, वारा पडलेला. सगळं गवत पिवळं पडलं होतं, पण समाधीकडच्या सहा ओळी स्वच्छ होत्या. प्रत्येक वेलीच्या बुडाशी उपटलेलं तण, मुळं वर.

"काशम्मा, तू उपटलंस?"

तीस वर्षं या बागेत राबलेली काशम्मा बांधावरून पुढं येईना. "मी न्हाय, सिद्धण्णा. तीन दिस झालं, रोज दोन ओळी निघायल्यात... मी तिकडं बघत बी न्हाय."

तेवढ्यात सातव्या ओळीत खर्र झालं. गवत मुळासकट निघताना होतं तसं. ओल्या मातीचा आणि विभूतीचा वास आला. सिद्धलिंग धावला. कुणीच नव्हतं. पुढच्या वेलीशी पुन्हा खर्र... त्याच्या डोळ्यांदेखत गवताचा एक गड्डा जमिनीतून वर आला, सावकाश उलटला आणि बुडाशी निजला.

त्याच्या अंगावर काटा आला. पण भीतीच्याही आधी त्याला आठवली ती औषधाच्या डब्यावरची ताकीद. अप्पा उघड्या हातांनी उपटत होते.

"अप्पा... हात लावू नका. विषारी हाय ते... चुकलो मी. मी उपटतो की सगळं... तुमी उठा."

खर्र... खर्र... म्हाताऱ्यानं जन्मभर कुणाचं ऐकलं नव्हतं, आता काय ऐकणार?

सिद्धलिंग गुडघ्यांवर बसला आणि रडत रडत उपटू लागला. शब्द मोडताना वाटली नव्हती तेवढी लाज त्याला आता वाटत होती. दिवस मावळेपर्यंत तो थांबला नाही. पुढून येणारा खर्र आवाज कधी बंद झाला, तेही त्याला कळलं नाही. शेवटी त्यानं समाधीच्या मातीवर कपाळ टेकलं.

खालून खोकला आला. कोरडा, घसा सोलवटणारा. जरा थांबून पुन्हा आला.

उभ्या जन्मात अप्पांना कधी खोकला झाला नव्हता.